जावईबापूंचं यंत्र आणि मोठ्या बाईंची तबकडी

चिरंजीव डॉक्टर जावईबापू यांस सासऱ्याचे भरघोस आशीर्वाद. त्यातून जे उरतील ते आमच्या कन्येस.

इकडे सर्व कुशल आहे. माझा गुडघा जागेवर आहे (दुखतो, म्हणजे जागेवरच असणार), आणि तुमच्या सासूबाईंचा आवाज खणखणीत आहे, तो बहुधा तुमच्या दवाखान्यापर्यंत पोचत असेलच. आपली प्रकृती, आपला दवाखाना आणि आपले रुग्ण कसे आहेत ते सवडीने कळवावं. डोळ्यांच्या डॉक्टरला पत्र लिहायचं म्हणजे अक्षर सुवाच्य हवं, म्हणून काळ्या शाईने मोठं मोठं लिहितो आहे. तरी ओळी वरखाली गेल्या तर तो कागदाचा दोष समजावा. हल्ली रेघा फार फिक्या छापतात.

या पत्राचं कारण आपण स्वतःच पाठवलंत, स्टीलचं, झाकणासकट. आपल्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं धुणारं जुनं अल्ट्रासॉनिक क्लीनर नवीन आल्यामुळे अडगळीत पडलं होतं, आणि अडगळ म्हटल्याबरोबर आपल्याला सासऱ्याची आठवण झाली, हे वाचून मी गहिवरलो. आपण फोनवर सगळं शास्त्रही समजावून सांगितलंत. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडायचा, त्याने बारीक बारीक बुडबुडे होतात, ते फुटतात आणि मळ निघतो. या घरात माझा आवाज कुणाला ऐकू आल्याला बराच काळ लोटला, पण त्याने आजवर एका कपबशीचाही मळ निघालेला नाही. तरी आपण शिकलेले, म्हणून विश्वास ठेवला. पेट्रोल अजिबात घालू नका, भडका उडेल, हेही आपण पुन्हा पुन्हा बजावलंत. जन्मभर पेट्रोल, ब्रश आणि मळ कोरायची काडी यांवर घड्याळं धुतलेल्या माणसाला पेट्रोलला हात लावू नका म्हणणं म्हणजे धोब्याला नदीत उतरू नका म्हणण्यासारखं आहे. पण जावयाचा शब्द! पाणी घातलं, आपल्या बाटलीतलं औषध घातलं, आणि झाकणावर कन्येने कसल्याशा सूचनांचा कागद चिकटवला होता तो मोठ्या मनाने वाचायचा सोडून दिला. अनुभवी माणसाला सूचना देणं तिला लहानपणापासून आवडतं.

पहिला प्रयोग घरच्याच भिंतीवरल्या घड्याळावर केला. हे घड्याळ मी दरवर्षी स्वतःच्या हाताने साफ करतो, तेव्हा यंत्राला काही करायला उरणारच नाही, अशी माझी (आता सांगायला हरकत नाही) मनोमन खात्री होती. चाकं जाळीच्या टोपलीत ठेवली, बटण दाबलं. डबीत कोंडलेला डास रागावावा तसं यंत्र कुरकुरायला लागलं, आणि चाकांच्या दातांतून काळा धूर सुटावा तसा मळ खाली उतरायला लागला. पाणी आधी चहासारखं झालं, मग कॉफीसारखं, मग गटारासारखं. शेजारचा शिंपी माप घ्यायची टेप गळ्यात टाकून हे बघत उभा होता. त्याने अतिशय निरागसपणे विचारलं, "हे तेच ना, तुम्ही दरवर्षी साफ करता ते?" जावईबापू, माणसाने भेट द्यावी, पण भेटीने अशी साक्ष देऊ नये. चाकं बाहेर आली तेव्हा पितळ नवरीसारखं चमकत होतं आणि मी जुन्या वऱ्हाड्यासारखा कोपऱ्यात उभा होतो.

मग यंत्राची कीर्ती गल्लीभर झाली. शिंप्याने कात्र्या आणल्या. त्याच्या कुत्र्याला मात्र तो ऐकू न येणारा आवाज उत्तम ऐकू येतो. यंत्र सुरू झालं की तो आभाळाकडे तोंड करून रडतो, आणि त्याच्या दुःखात सहभागी व्हायला इतर कुत्रीही जमतात. त्यानंतर आले पेन्शनर, आपापल्या कवळ्या घेऊन. घड्याळजीच्या दुकानात घड्याळं कमी आणि दात जास्त, असं दृश्य आपण कधी पाहिलं नसेल. त्यात दोघांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली (पेन्शनरांनी इतक्या एकसारख्या कवळ्या करून घेऊच नयेत). कुणीही तक्रार केली नाही. फक्त एकाने विचारलं, यंत्रात धुतल्याने कवळी आटते का. दुसऱ्याने विचारलं, सैल होते का. मी दोघांनाही हो म्हटलं.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. आमच्या मोठ्या बाई आपल्याला ठाऊक नाहीत. त्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, शिंपीही शिकला, आणि त्या दुकानावरून गेल्या की आम्ही दोघे अजून हातातलं काम टाकून उभे राहतो. आता त्या एकट्याच राहतात. नजर अशी की समोरच्याने न केलेला अभ्यासही आठवावा. त्या आपलं टेबलावरचं ठोक्यांचं घड्याळ घेऊन आल्या. घड्याळ सातला नऊ ठोके देत होतं. "परवा न्यायला येईन," एवढंच म्हणाल्या. तुझ्याच्याने होईल का, असं विचारलं नाही. बाई प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं घेतात.

मी घड्याळ सगळं उघडलं. स्क्रू टेबलावरून घरंगळले ते शिंप्याने वेचून दिले (कारखानेवाले हल्ली स्क्रू मुद्दाम बारीक करतात, धातू वाचवायला). ठोक्यांच्या यंत्रणेत इतका मळ बसला होता की बिचारं मोजणार तरी कसं! सगळे भाग यंत्रात घातले. तेवढ्यात तबकडीकडे लक्ष गेलं. घड्याळाचं सगळं अंग न्हाऊ घालायचं आणि तोंड तसंच ठेवायचं, हे कोणत्या संस्कारात बसतं? शिवाय ती टाकीत बरोबर मावत होती. हा सर्वस्वी यंत्राचा दोष. मावली नसती तर मी घातली नसती.

झाकण उघडलं. तबकडी स्वच्छ झाली होती, जावईबापू. इतकी स्वच्छ की तिच्यावर काहीही नव्हतं. एक ते बारा, मिनिटांच्या खुणा, कारखान्याचं नाव, सगळं आपल्या त्या बुडबुड्यांनी खरवडून नेलं. माझ्या हातात एक बशी होती. डोळ्यांसारख्या नाजूक जागेची हत्यारं धुणाऱ्या यंत्राला चार काळे आकडे सांभाळता येत नाहीत, यावरून आपल्या शास्त्राची मी कल्पना केली.

तुमच्या सासूबाई म्हणाल्या, बाईंना खरं सांगून टाका. (त्या बाईंच्या शाळेत नव्हत्या.) शिंपी म्हणाला, आकडे रंगवू. मी बारीक ब्रश घेऊन बसलो. बारा वाजले ते ठीक, पण पुढे तीन आणि चार एकमेकांच्या अंगावर गेले, आणि सात काठावरून खाली पडायच्या बेतात आला. शिंप्याने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "घड्याळ प्यालेलं वाटतंय." आमच्या दुकानातला दिवाच बारीक आहे, त्याला मी काय करणार? ते आकडे पुन्हा त्याच यंत्रात घालून धुतले. त्या कामात यंत्र फार तत्पर आहे.

बाई सांगितल्या दिवशी आल्या. मी घड्याळ सगळ्यात आतल्या फळीवर, शिंप्याच्या कापडाच्या ताग्याआड अर्धं लपवून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, "समोर ठेव." ठेवलं. पांढरीफेक तबकडी आणि तिच्यावर दोन काटे, वाट चुकलेल्या माणसांसारखे. बाईंनी बराच वेळ तिच्याकडे रोखून पाहिलं. शिंपी भिंतीला चिकटला. मी मनातल्या मनात हात पुढे केला, छडी उजव्यावर की डाव्यावर एवढाच प्रश्न होता.

"छान," बाई म्हणाल्या. "आकडे किती ठळक झालेत."

शिंप्याने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. सुटलो, असं वाटलं. दुसरं कुणी असतं तर घड्याळ बांधून दिलं असतं. पण त्या बाईंसमोर मला कधी खोटं पचलेलं नाही.

"बाई," मी म्हटलं, "आकडे नाहीत. माझ्याकडून पुसले गेले. तबकडी कोरी आहे."

बाईंनी हात पुढे करून चाचपत टेबलाची कड शोधली, आणि स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाच्या दुकानात बसलेलं पाहिलं नव्हतं.

"ठोके नीट पडतात?" त्यांनी विचारलं.

मी काटा फिरवून दाखवला. घड्याळ वाजायला लागलं. बाई पर्सच्या पट्ट्यावर बोटांनी मोजत होत्या. सातला सात पडले, आठला आठ. त्यांचा चेहरा सैल झाला.

"मग आकड्यांचं काय घेऊन बसलास? मला ते कुठे दिसतात! सगळं दुधात बुडवल्यासारखं आहे. मी यावर चालते." त्यांनी घड्याळाच्या डोक्यावर हात ठेवला. "हे चुकायला लागलं आणि माझा दिवसच चुकला. भल्या पहाटे शेजारणीच्या दारात जाऊन दूध का आलं नाही म्हणून भांडले मी."

"बाई, डॉक्टरला..."

"गप्प. डॉक्टर माझ्या भाच्याला कळवणार. भाचा मला उचलून त्याच्या घरी नेणार आणि माझ्या घराला कुलूप लागणार. तिथे कुठलं दार कुठे आहे हे मला कोण सांगणार? कुणाला बोललास तर याद राख." मग शिंपी उभा होता त्याच्या बरोबर उलट्या दिशेला बघून म्हणाल्या, "आणि तूही!" शिंपी जिथे होता तिथूनच "हो बाई" म्हणाला. मी घड्याळ घरापर्यंत पोचवून आलो. वाटेत त्या माझ्या एक पाऊल मागे चालत होत्या, बूट वाजवत चाल, असं म्हणाल्या.

तर असे आहेत आपल्या भेटीचे पराक्रम. माझी जन्माची मेहनत गटारजमा झाली, दोन पेन्शनर एकमेकांच्या दातांनी जेवताहेत, कुत्रं शिंप्याला सोडून जायच्या विचारात आहे, आणि एका घड्याळाचं तोंड कायमचं कोरं झालं. यापुढे दवाखान्यातली कुठलीही वस्तू जुनी झाली तर कृपया ती आपल्या वडिलांना द्यावी. त्यांचाही आपल्यावर हक्क आहे.

कन्येस जपावं. स्वतःसही जपावं, वेळ उरल्यास.

आपला,
यंत्रपीडित सासरा

ता. क. : मी बाईंना शब्द दिला आहे, कुणाला सांगणार नाही. त्यामुळे वर जे लिहिलं ते आपण वाचलेलं नाही. मात्र या रविवारी आपण इकडे यावं, यंत्र दुरुस्त करणारा माणूस म्हणून. बाईंना मी सांगितलं आहे की तबकडी पाहायला एक यंत्रवाला येणार आहे, त्यांच्या घरी. आपली ती बॅटरी आणि भिंगं पिशवीत आणावीत, डॉक्टरी बॅग नको. दुधासारखं दिसतं म्हणजे मोतीबिंदू असणार ना? तो म्हणे हल्ली अशाच ऐकू न येणाऱ्या आवाजाने फोडून काढतात. तसं असेल तर त्या आवाजाबद्दल मी वर जे काही बोललो ते मागे घ्यायला तयार आहे. भाच्याला कळवायचं नाही. आणि त्यांच्यासमोर उभं राहून बोलावं.

ता. क. २ : येताना यंत्राच्या औषधाची आणखी एक मोठी बाटली आणावी. परत न्यायचं म्हणून नव्हे. कात्र्या खूप साठल्या आहेत.

(खालचा मजकूर सासूबाईंच्या अक्षरात)

जावईबापू, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. झाकणावरच्या कागदावर आमच्या लेकीने बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं आहे, "तबकडी आत घालू नये." यांनी तो वाचायचा सोडून दिला नाही. मी पाहिलं, यांनी कागद खिडकीपाशी नेला, लांब धरला, जवळ धरला, मग परत चिकटवून ठेवला. तेव्हा रविवारी दोघांचे डोळे तपासायच्या तयारीने या. यांना विचारू नका, दिवा बारीक आहे म्हणतील. काल दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले. दारात उभी होते. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "ताई, तुमचं घड्याळ उद्या मिळेल."

मी बरं म्हटलं, डबा टेबलावर ठेवला आणि घरी आले.