नवव्या दिवसापासून एकाचं

सूनबाई,

चिठ्ठी कपड्यांच्या पावडरच्या डब्यात ठेवतेय. दुपारी मशीन लावताना तुला सापडेलच. तुझा नवरा त्या डब्याला जन्मात हात लावायचा नाही. तो मला माझ्या बहिणीकडे सोडायला निघालाय, खाली हॉर्नवर हॉर्न वाजवतोय. सहापर्यंत परतेल.

जेवणाच्या टेबलावरचा नकाशा तू पाहिलासच. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीनं, सहा राष्ट्रीय उद्यानं, सोळा दिवस. वाटेतल्या कोरड्या खाण्याचे पुडे मी भरतेय, दर दिवसाचा वेगळा. काल तो म्हणाला, "आठव्या दिवसापर्यंत दोघांचं भर, पुढे एकाचं."

मी म्हटलं, "का रे, ती मधूनच कामावर परतणार आहे का?"

तर म्हणाला, "नाही गं आई, पण उगाच वाया जातं."

अन्न टाकायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं.

आठव्या दिवसाचा मुक्काम दरीकाठी आहे.

तुझ्या भावाला फोन केलाय. तो चारला मागच्या दाराशी येईल. तुझे सगळे कागद तुझ्या उशीच्या अभ्र्यात घातलेत. कपाट आवरत बसू नकोस आणि नवऱ्याला जाब तर मुळीच विचारू नकोस. ही चिठ्ठी पाण्यात भिजवून टाक.

तुझ्याआधीची सून सहलीत कड्यावरून पाय घसरून गेली, असं आम्ही तुला सांगितलं होतं. त्या सहलीचे पुडेही मीच भरले होते. पाचव्या दिवसापासून एकाचे. तेव्हा मी का म्हणून विचारलं नव्हतं.