अर्ध्यापासून सुरुवात

शनिवार, १४ जून. पॉइंट कुक.

जाहिरातीतली ती जुनी व्ही-एट गाडी बघून आलो. गाडीचा मालक, म्हातारा ग्रॅहम, चाळीस हजार डॉलर मागत होता. मी फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात घालून गेलो होतो. दारांना ते चिकटलं, मागच्या मडगार्डवरून मात्र घसरून खाली पडलं. म्हणजे आत गंज, वरून पुट्टी.

ग्रॅहम म्हणाला, "तेवढं माझ्या मुलाने स्वतः केलं. नंतर तो गेलाच."

तरी मी त्याच मडगार्डवर बोट ठेवून म्हणालो, "वीस."

बाबांची शिकवण. अर्ध्यापासून सुरुवात करायची, समोरचा नाही म्हणतो, मग आपण चढायचं. मी तीसच्या तयारीने गेलो होतो. ग्रॅहम थोडा वेळ गाडीकडे बघत राहिला. मग हात पुढे करून म्हणाला, "नो वरीज, मेट. वीस."

मीही हात मिळवला. का मिळवला?

घरी बायको, कल्याणी, म्हणाली, "अर्ध्यात मिळाली? मग असा का बसलायस?" काय सांगू? आनंद नाही, वाईटही वाटत नाहीये. उद्या फोन करून तीस म्हणू?

ते पडलेलं मॅग्नेट त्यानेच वाकून उचललं होतं. पुसून माझ्या हातात दिलं होतं.