दोन रुपयांची थाळी

२२ ऑगस्ट १९८८, पिंपळनेर
ऑफिसचं पत्र आलं. पोषण सप्ताहात सात गावांत सकस थाळीचं प्रदर्शन मांडायचं — भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, दही, केळं. सगळं इथलंच हवं, सरपण कमी लागावं, काही वाया जाऊ नये. आणि खर्च दोन रुपयांच्या आत! पत्र लिहिणाऱ्याने शेवटचा बाजार कधी केला होता कोण जाणे.

पण खाली एक ओळ आहे. जिथली थाळी दोन रुपयांत बसेल, तिथल्या अंगणवाड्यांना रोज गरम जेवण मंजूर. माझ्या हाताखाली तीस अंगणवाड्या, बाराशे मुलं. तीन वर्षं हेच मागतेय मी. सुकडीच्या कोरड्या पिठावर किती दिवस काढायचे त्यांनी?

२४ ऑगस्ट
इथल्या अंगणवाडीच्या सेविका शेवंताबाई आणि मी बाजारात. थाळी बसली तीन रुपये चाळीस पैशांना. केळं काढलं. दही काढलं. डाळ इतकी पातळ केली की वाटीचा तळ दिसायला लागला — तरी दोन दहा!

केळ्यांचे ट्रकच्या ट्रक जळगावहून दिल्लीला जातात, आणि आम्ही इथे एका केळ्यापाशी घासाघीस करत उभ्या. शेवंताबाई म्हणाल्या, "ताई, दोन रुपयामा भाकर नि मिरची येस. बाकीनं बठ्ठं कागदवर शे."

२६ ऑगस्ट
धुळ्याला जाऊन साहेबांना भेटले. म्हणाले, पदार्थ कमी करू नका, आहाराचं संतुलन बिघडतं. खर्च वाढवू नका, बजेटचं बिघडतं. मग करू काय? तर म्हणे, "थाळी एकच करा, सातही गावांत तीच फिरवा. दाखवायचीच तर आहे."
येताना एसटीत डोकं दुखलं.

१ सप्टेंबर
पहिलं गाव. खर्चाचं नंतर बघू म्हणून थाळी पूर्ण मांडली. दुपारपर्यंत केळं काळं, दह्यावर माश्या. शेवंताबाई दिवसभर पदराने वारा घालत बसल्या.

२ सप्टेंबर
दुसरं गाव, तीच थाळी. बायका नाकाला पदर लावून सकस आहार बघून गेल्या. एक म्हातारे नाना काठी टेकत आले, बराच वेळ निरखून म्हणाले, "हाई खाईसन तब्येत सुधरस का, ताई?"
मी दह्यावरच्या माश्या हाकलत राहिले.

परतताना हिलाल कुंभाराच्या दारावरून आलो. पोळा आठवड्यावर आलाय, ओटाभर मातीचे बैल वाळत घातलेले. शेवंताबाई तिथेच थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. हिलाल हसला — "बैल सोडीसन भाकर कोण करस, ताई? पण करी दिसू."

३ सप्टेंबर
झाली मातीची थाळी! भाजायला वेळच नव्हता, रातोरात चुलीच्या धगीवर सुकवून रंगवली. काय हात आहे त्याचा! भाकरीवर करपलेले डागसुद्धा काढलेत. मीच एकदा तुकडा मोडायला गेले. रंगासकट एक रुपया नव्वद पैसे. पावतीवर त्याचा अंगठा घेतला.
तिसरं गाव निर्विघ्न.

४ सप्टेंबर
चौथ्या गावात भिकुबाई नावाच्या आजींनी भाकरीला हळदीकुंकू वाहिलं. मग रांगच लागली. पोळ्याला मातीचे बैल पुजतात, मग मातीच्या भाकरीने काय घोडं मारलंय? केळ्यापुढे कुणीतरी नारळ ठेवला. खरा होता. शेवंताबाईंनी तो फोडून सगळ्यांना वाटला. चार दिवसांत थाळीपाशी कुणी काही खाल्लं ते हेच.

६ सप्टेंबर
साहेब तपासणीला आले. सहा दिवस झाले तरी ताजी, म्हणाले. पेनाने भाकरी वाजवून बघितली. "जरा कडक आहे. चावायची सवय चांगली." खर्च विचारला, मी पावती पुढे केली. वर नुसतं 'थाळी, नग एक' असं माझ्याच हातचं. त्यांनी सही केली.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाराशे मुलं डोळ्यांपुढे आली आणि मी चहा सांगितला. लाज वाटतेय. एकदा मंजुरी येऊ दे, मग दहा-वीस पैसे इकडचे तिकडे करून खरी थाळी कशीही बसवीन.

९ सप्टेंबर
शेवंताबाईंनी गावभर सांगून टाकलं, पोरांना रोज गरम जेवण मिळणार. अंगणवाडीमागे दोन चुली घातल्या, लिंपल्या. बायका कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे आणून टाकताहेत, कुणी न सांगता. शेवंताबाईंना म्हटलं, अजून मंजुरीचा कागद आलेला नाही. म्हणाल्या, "येई ना, ताई. पोरेसले भूक लागस ती काय कागद देखीसन?"

१५ सप्टेंबर
टपाल नाही.

१९ सप्टेंबर
मंजुरी आली. बाराशे थाळ्या, नमुन्याप्रमाणे, नग एक रुपया नव्वद पैसे. पुरवठादार — हिलाल कुंभार. खाली साहेबांच्या अक्षरात शेरा: थाळी नासत नसल्याने पुरवठा एकदाच घ्यावा.
शेवंताबाईंनी सकाळीच चुली पेटवल्यात. मुलं ताटल्या घेऊन बसलीत.