करमणुकीचा कोरा रकाना

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, कुटुंबखर्च पाहणी कार्यालयातील निवृत्त प्रगणक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे अखेरचे इच्छापत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मनाचा दाखला त्यांनी दिला नाही, मीही मागितला नाही.

१. राहते घर मुलीला.

२. बँकेतील ठेवही तिलाच. सव्वीस वर्षे मी दारोदार विचारत फिरले, करमणुकीवर महिन्याला किती? दर पाहणीत घरोघरचा आकडा फुगत गेला: सिनेमा, सहली, मुलांचे पोहण्याचे वर्ग. माझ्या घरी तो रकाना कोराच. लोकांचे आकडे लिहिताना जिवाचा जळफळाट व्हायचा.

३. समोरच्या दारातील धाकट्या जाऊबाईला काहीही नाही. एकदा पाहणीत तिचे घर आले. नात्यातले घर दुसऱ्या प्रगणकाला द्यायचे असते. तिची उधळपट्टी बघायला मी ते मुद्दाम ठेवून घेतले. दीर कायम फिरतीवर. ती म्हणाली, "ताई, भावोजींचं सिनेमाचं तिकीटपण आमच्यातच धरायचं ना? दर शनिवारी मीच काढते." नियमाप्रमाणे पाहुण्याचा खर्च यजमानाकडे. मला "जरा चक्कर मारून येतो" सांगणारा माझा नवरा मी माझ्याच हाताने तिच्या घरात लिहिला.

४. नवरा वारून सहा वर्षे झाली, म्हणून खरे लिहिते. त्याने आधी मलाच विचारले होते, "येतेस का?" मी म्हणायचे, "कशाला उगाच खर्च?" चार-पाचदा विचारून तो थांबला. जाऊबाईने नुसते हो म्हटले. तिचा याहून मोठा गुन्हा मला सापडलेला नाही. शोध चालू आहे.

५. ठेवीच्या पैशातून काकूला, म्हणजे जाऊबाईला, कुठेही फिरायला नेल्यास मुलीचा हक्क जाईल, अशी अट मी आधीच्या मसुद्यात घातली होती. ती वाचून मुलगी म्हणाली, "आई, मेल्यावरही भांडणार का? या शनिवारी आपण तिघी जाऊ." "कशाला उगाच" अगदी ओठांवर आले होते, ते गिळले. अट रद्द. कलम ३ कायम.

तिकिटे मी काढणार. जाऊबाईला पर्स उघडू द्यायची नाही. आणि तिच्या व मुलीच्या मधली खुर्ची माझी.

सही: थोरली जाऊ
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, खालच्या मजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले
स्थळ: राहते घर
दिनांक: महिन्याची नऊ तारीख, गुरुवार