मुकट्यातली ठिणगी

अण्णा,

यंदा तुमच्या श्राद्धाला दुर्गाघाटच्या घरात जे झालं ते तुम्हालाच सांगायला हवं. पिंड मांडून झाले होते आणि आतल्या खोलीत आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. त्याचा मूळ बोर्ड जळाल्यावर दुसरा मीच बनवला होता. त्याच्या चिपमधला प्रोग्राम बिघडला, म्हणजे दोष माझाच. आईला सिलिंडर लावला. त्यात जेमतेम अर्ध्या तासाचा श्वास होता, आणि आपल्या अरुंद गल्ल्यांतून दुसरा सिलिंडर खांद्यावर येईपर्यंत तास जातो.

"मी ठीक आहे रे," आई म्हणाली, "आधी श्राद्ध पूरा कर."

गुरुजींना थांबवून मी तसाच उठलो, तुमचाच रेशमी मुकटा नेसलेला, अंगावर लोकरीची धाबळी. चिपमध्ये प्रोग्राम भरायचं छोटं यंत्र, प्रोग्रामर म्हणतात त्याला, त्याच्या तारा बोर्डाला जोडायला गेलो आणि बोटातून चट्कन ठिणगी उडाली. संगणकावर ओळ आली: चिप सापडत नाही. थंडीत रेशीम आणि लोकर घासली की अंगात वीज साचते, हे मी युनिव्हर्सिटीत मुलांना शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

दहा वर्षांचा असताना मी सोवळ्यात रेडिओला हात लावला होता. पौषातली सकाळ. "सोवळ्यात कशाला हात लावायचा नाही, किती वेळा सांगू?" तुम्ही ओरडता आहात, मी दुसऱ्यांदा थंड पाण्यानं आंघोळ करतो आहे, आई चूल फुंकते आहे. तो राग मी आजवर जपला, आणि टेबलाशी बसल्या बसल्या तो पुन्हा उसळला. गेल्यावरही तुम्हीच बरोबर!

धाबळी टाकली, मुकटा फेडला, सुती लुंगी गुंडाळली, लोखंडी नळ धरून अंगातली वीज उतरवली. ठिणगीनं त्या बोर्डावरची चिप जाळली होती, आणि सुटा बोर्ड आता एकच शिल्लक होता. आधी ग्राउंडची तार, मग बाकीच्या, एकेक. आतून आईचा खोकला आला आणि मी दोनदा चुकीच्या पिनेवर गेलो. शेवटी चिपचा नंबर उमटला. प्रोग्राम भरला, बोर्ड बसवला, मशीन फुसफुसायला लागलं. सिलिंडरचा काटा लाल रेघेच्या खाली गेला होता.

गुरुजींना पुढच्या घरी जायचं होतं, ते गेले होते. अमावास्येला पुन्हा करू, असा निरोप ठेवला होता. आईनं विचारलं, "झालं का सगळं?" मी हो म्हणालो. ती अमावास्या कधीच उलटली. हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून लॅबच्या कपाटात ठेवतो आहे. सवड नव्हती असं नाही, अण्णा. मला करायचंच नव्हतं.