शेतातला पट्टा

बेजा, १६ मे

प्रिय लसाद,

सलाम. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तिकडे सूस शहरात तुझ्या हॉटेलातल्या हिरवळीला पाणी पुरतं ना? इथला गहू पिकायच्या आधीच नारंगी झाला.

तू पेरलेलं फुटबॉलचं मैदान तिजानीकाकांनी अखेर नांगरलं. "याच्याच गवतातून गव्हावर तांबेरा आला," असं अजून सांगत फिरतात. "बुटांवर नारंगी भुकटी घेऊन हिंडायचा, आणखी काय पुरावा हवा?" पहिल्यांदा त्यांनी हे म्हटलं तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ताई, तू तांबेऱ्याच्याच प्रयोगशाळेत असतेस, सांग ना यांना!" मी म्हणाले, "तपासून सांगते." संध्याकाळी तू गाव सोडलंस.

तपासायची गरजच नव्हती रे. तुझ्या गवताचा तांबेरा गव्हावर पडला तरी जगत नाही. प्रत्येक तांबेऱ्याचं घर ठरलेलं. तरी मी ती भुकटी गव्हाच्या रोपांवर झाडली. पंधरा दिवस पानं हिरवीगार.

मग बाबांच्या शेतातली भुकटी वेगवेगळ्या वाणांवर लावली. कुठल्या वाणावर पुळ्या येतात त्यावरून तांबेऱ्याची जात कळते. कुंड्या पाहून माझे हात गार पडले. ही जात आपल्याकडे कुठल्याच शेतात नव्हती, फक्त आमच्या कुलूपबंद काचघरात होती.

काचघरातून निघालं की आंघोळ करायची, कपडे बदलायचे, त्या दिवशी गव्हाकडे फिरकायचं नाही. एकोणीस वर्षं मी हे पाळलं. बाबा गेल्याचा फोन आला त्या दुपारी नाही पाळलं. हमरस्त्यावर उतरले आणि शेतातून आडवी धावत सुटले.

आता तांबेरा सगळीकडे आहे, पण सर्वात आधी करपलेला पट्टा अजून वेगळा दिसतो. हमरस्त्यापासून थेट आपल्या दारापर्यंत, माणूस चालेल एवढाच रुंद. मध्ये एक गोल आहे. घरातलं रडणं ऐकून मी तिथेच मटकन बसले होते. वारा नसतानाही तिथून भुकटी उडते. कुणीतरी उठू बघतंय असं वाटतं आणि मी घाबरते.

काल आई म्हणाली, "कोण गं चालून गेलंय आपल्या गव्हातून?" मी चहा गाळत राहिले.

शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांना सांगणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. हे पत्र आधी टाकतेय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

आणि कुंड्या पाहून हात गार पडले असं वर लिहिलंय ना, ते खोटं आहे. "तपासून सांगते" म्हणाले, त्याच सकाळी मी तो पट्टा पाहिला होता.

तुझ्या बदनामीआड लपलेली,
तुझी बहीण
रौधा