उर्बेनच्या होडीचे कलम

मी, लिओनील मिशो, वय चौऱ्याहत्तर, कागद गिरणीतील तिसऱ्या मशीनवरचा माजी कामगार, राहणार सेंट-ओदिल, मेन राज्य, गुडघे सोडल्यास ठीक आहे आणि डोके जागेवर आहे. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे, ते कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

पहिले. नदीकडचे राहते घर माझी मुलगी क्लोडेट हिला द्यावे. स्वयंपाकघरातला लोखंडी तवा घराबरोबरच जाईल. त्यावर तिची आई आल्फोंसीन रोज सकाळी कुट्टूच्या पिठाची धिरडी घालायची. गिरणीचा भोंगा वाजला की पहिले धिरडे माझ्या ताटात पडायचे. क्लोडेट, तो तवा साबणाने घासू नकोस.

दुसरे. बँकेतील शिल्लकही क्लोडेटचीच. गिरणीचे निवृत्तिवेतन माझ्याबरोबर संपेल. मात्र त्याची हकिकत संपू नये, म्हणून ती इथे लिहितो.

१९९१ साली गिरणी बंद झाली तेव्हा मी बासष्टचा होतो. कर्मचारी-विभागाच्या साहेबाने एकाच दिवशी नारळ दिला आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर सहीही घेतली. "आता सही करा, नाहीतर वर्षभर थांबा," म्हणाला. बेकारभत्त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या गृहस्थाला मी अजून माफ केलेले नाही आणि हे मृत्युपत्रही त्याला माफ करीत नाही.

भत्त्याच्या अर्जात प्रश्न होता: याच मालकाकडून निवृत्तिवेतन मिळते का? मी 'हो' लिहिले. दर आठवड्याच्या भत्त्यातून तेवढी रक्कम कापली गेली. हातात जेमतेम किराण्यापुरते उरले. बासष्टाव्या वर्षी मला काम कोण देणार? तरी नियमाप्रमाणे दर आठवड्याला मी काम मागत हिंडत होतो.

आल्फोंसीनने माझ्या पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. "हे बघ, निवृत्तिवेतनाच्या निधीत दर पगाराला तुझेही पैसे गेलेत. मग सगळंच्या सगळं कापतात कसं? जा, भांड त्यांच्याशी!" मी अपील केले. सुनावणीच्या बाईंनी चिठ्ठ्या नीट पाहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचाही वाटा आहे, मिशो. कपात निम्मीच व्हायला हवी."

मला इतका आनंद झाला की न विचारता बोलून गेलो, "बाई, माझ्या एकट्याचंच नाही. माझा मशीनवरचा जोडीदार उर्बेन लेव्हेक, त्यालाही तेच निवृत्तिवेतन मिळतं. त्याचीही कपात निम्मी करा."

उर्बेनने अर्जात 'नाही' लिहिले होते. हे मला ठाऊक नव्हते. त्याची बायको दोलोरेस तेव्हा आजारी होती आणि गिरणीबरोबर आजारपणाचा विमाही गेला होता. महिन्याभरात त्याला पत्र आले: घेतलेला भत्ता दंडासह परत करा. रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत तो मला म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं एका मशीनवर घाम गाळला, आणि शेवटी चुगली केलीस माझी?" त्यानंतर त्याने मला दार उघडले नाही. पुढच्या वसंतात दोलोरेस गेली. अंत्यविधीला मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून आलो.

तिसरे. रंधे, करवती आणि पकडी चर्चच्या कार्यशाळेला द्याव्यात. मोठा रंधा बोथट आहे, आधी धार लावून घ्यावी.

चौथे. (हे कलम मी रद्द करीत आहे, खाडाखोड माझ्याच हातची आहे.) दंड भरायला उर्बेनने आपली देवदारी होडी विकली. ती आम्ही दोघांनी त्याच्या अंगणात एका उन्हाळ्यात बांधली होती. फळ्या वाफेवर वाकवताना तो गायचा, मी शिव्या द्यायचो. शेजारच्या गावातल्या भाच्याच्या नावाने ती मीच विकत घेतली आणि बारा वर्षे माझ्या कोठारात झाकून ठेवली. ती माझ्यामागे उर्बेनला द्यावी, असे इथे लिहिले होते.

मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "मिशो, तुम्हाला पुष्कळ वर्षं ओळखणारा एक साक्षीदार हवा. पण ज्याला काही मिळणार आहे, तो साक्षीदार होऊ शकत नाही."

इतकी वर्षे ओळखणारा आता एकच उरला आहे. गेल्या मंगळवारी मी होडी ट्रकवर चढवली आणि त्याच्या अंगणात नेली. तो लाकडे रचत होता.

"कुणाची ही?"

"तुझी. मीच घेतली होती."

त्याने ताडपत्री उचलली आणि बराच वेळ काठावरून हात फिरवला. मग मी सुनावणीत काय झाले ते पहिल्यापासून सांगितले. तो ओंडक्यावर बसला.

"माझी कपात निम्मी करायला माझं नाव घेतलंस?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू दार उघडत नव्हतास."

"अरे गाढवा, खिडकीतून ओरडायचंस!" त्याने डोळे पुसले. "आणि बारा वर्षं पाण्यात घातली नाहीस? फळ्या सुकून फाटल्या असतील."

"एकट्यानं कुठे नेऊ?"

सबब चौथ्या कलमाची आता गरज नाही. होडी गळते आहे. आम्ही ती दुरुस्त करीत आहोत.

या मृत्युपत्राचा अंमल क्लोडेटने करावा. वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

ठिकाण: सेंट-ओदिल
दिनांक: ९ ऑक्टोबर २००३

सही: लिओनील मिशो

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. या मृत्युपत्राने आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: मार्गो डेगल, वकीलबाईंच्या कार्यालयातील लेखनिक
साक्षीदार २: उर्बेन लेव्हेक, तिसरे मशीन